इमारतीआधी माणसं

दर सप्टेंबरात, एकवीस तारखेच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या आगेमागे, पुण्यात स्मृतिभ्रंशावर चार-दोन कार्यक्रम होतात. जमेल तेवढ्यांना मी जाते. माझी आई नऊ वर्षं या आजारात होती आणि मी स्वतः उभा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. म्हणजे विषय दोन्ही अंगांनी घरचा. अशाच एका परिसंवादात अलीकडे वाद पेटला. पुण्यानं अल्झायमरच्या संशोधनावर पैसा घालावा की नाही? एक वक्ते पोटतिडकीनं म्हणाले, ज्याची आई रात्री तीनला उठून कडी काढून जिना उतरते, त्याला तुमच्या उंदरांचं काय करायचंय? त्याला रात्रीची बाई द्या, दिवसाचं डे केअर द्या. दुसऱ्या वक्त्यांना बंगळुरूसारखं मेंदू-संशोधन केंद्र हवं होतं. जागा मिळवा, यंत्रं आणा, परदेशात नाव काढलेल्या शास्त्रज्ञांना सन्मानानं परत बोलवा. टाळ्या दोघांनाही पडल्या. शेवटच्या रांगेत गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र अडकवलेल्या तीन-चार मुली बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं दोनदा हात वर केला. माइक तिच्यापर्यंत पोचायच्या आत आभारप्रदर्शन सुरू झालं.

मला तो वाद मुळातच चुकीच्या जागी रंगलेला वाटतो. एका बाजूला आजचा रुग्ण, दुसऱ्या बाजूला उद्याची इमारत, आणि या दोहोंच्या मध्ये जी माणसं वीस वर्षं हे काम करणार आहेत त्यांचा कुणी उल्लेखही करत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. अल्झायमरच्या संशोधनासाठी पुण्यात जो काही पैसा उभा राहील, त्यातला पहिला वाटा पंचविशी ते पस्तिशीतल्या संशोधकांच्या घडणीवर खर्च व्हावा. घडण म्हणजे नुसती फेलोशिप नव्हे. अनुभवी माणसाचा वेळ, रोजचा, ठरलेला, आणि त्याच्या बढतीच्या हिशोबात धरलेला. हे नसेल तर यंत्रं झाकून ठेवायच्या कामाची, आणि सेवासुद्धा आज आहे तशीच अंदाजपंचे राहील.

हे मी कुठल्याही शास्त्राबद्दल म्हणत नाहीये, या आजाराबद्दल म्हणते आहे. त्याची सुरुवातच बघा ना. 1901 साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर अलोइस अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून घेत. नाव काय? ऑगुस्ट. नवऱ्याचं नाव? ऑगुस्ट, असं वाटतं. पुढे अल्झायमर म्युनिकला गेले, तरी या बाईची खबर घेत राहिले. 1906मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला आणि पेशींना चांदीच्या क्षारानं रंग चढवण्याच्या तेव्हा नव्या असलेल्या पद्धतीनं त्यातल्या गाठी पाहिल्या. पेशी रंगवण्याचं शास्त्र त्यांनी फ्रँकफर्टमधले सहकारी फ्रान्झ निस्ल यांच्या सोबतीनं आत्मसात केलं होतं. त्या वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं, तर एकानंही प्रश्न विचारला नाही. विषय तिथेच संपला असता. तो संपला नाही, कारण म्युनिकच्या प्रयोगशाळेत ठिकठिकाणची तरुण मुलं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली होती. लेवी तिथलेच, ज्यांचं नाव आज लेवी बॉडी डिमेन्शियाला आहे. क्रॉइत्सफेल्ट-याकोब या आजाराला ज्यांचं नाव आहे ते याकोब तिथलेच. इटलीचे पेरुसिनी तिथे होते. गुलामगिरीतून सुटलेल्या घराण्यातला, लायबेरियात जन्मलेला आणि अमेरिकेतून आलेला सॉलोमन कार्टर फुलर तिथे शिकून गेला आणि 1912 साली त्यानं या आजारावर सविस्तर लिहिलं. सांगतात, की अल्झायमर सिगार पेटवून एकेका विद्यार्थ्याच्या मायक्रोस्कोपपाशी बसत, बोलण्याच्या नादात सिगार तिथेच विसरत, आणि संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एक थोटूक सापडे. त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या मुलांनी मेंदूच्या आजारांचा अर्धा नकाशा काढला.

दुसरं कारण काळाचं आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं. विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचू लागतं. पीएच.डी. पाच वर्षांची, प्रकल्पाचं अनुदान बहुधा तीन वर्षांचं. म्हणजे ज्या माणसांचा अभ्यास करायचा त्यांचा आजार उघड व्हायच्या आत अभ्यास करणाऱ्याचं करिअर निम्मं झालेलं असतं. अशा विषयात एका पिढीनं जमवलेलं दुसरीच्या हाती द्यावं लागतं, आणि ते फायलींतून देता येत नाही. पुण्याला ही गोष्ट शिकवावी लागू नये. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919मध्ये सुरू झालं आणि 1966मध्ये पूर्ण झालं. प्रमुख संपादक विष्णु सुखटणकर 1943मध्येच गेले. बाराशेहून अधिक पोथ्या, शारदा लिपीपासून ग्रंथ लिपीपर्यंत नाना लिप्या, एकेका श्लोकाचे डझनावारी पाठभेद. प्रमुख गेल्यावर असं काम बसायला किती वेळ लागतो? ते बसलं नाही, कारण पाठ कसे ताडायचे, कुठला घ्यायचा, शंका आली तर ती पानावर कशी नोंदवायची, याची रीत सुखटणकरांनी घालून दिली होती आणि त्या रीतीत मुरलेली माणसं तिथे होती. पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती काम जात राहिलं.

आता विरोधातले मुद्दे. पहिल्या वक्त्यांचा मुद्दा खोटा नाही, आणि मी तो जगले आहे. पुणं पेन्शनरांचं गाव. कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत एक मजला असा असतो जिथे म्हातारी-म्हातारा आणि ब्युरोच्या मावशी, आणि मुलं न्यू जर्सीला. देशव्यापी पाहणीनं साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के काढलं आहे, म्हणजे देशात 88 लाखांच्या आसपास माणसं. आणि इतक्या वर्षांच्या संशोधनानं काय दिलं? 2002 ते 2012 या दशकात अल्झायमरवर तपासल्या गेलेल्या औषधांपैकी 99 टक्क्यांहून जास्त नापास झाली. 2023मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या औषधानं अठरा महिन्यांत घसरण सुमारे 27 टक्क्यांनी मंदावते, पण अठरा गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी, 0.45 भरतो. एवढ्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय. माझ्या आईला याचा काही उपयोग झाला नसता. तिला उपयोग झाला तो मावशींचा, ज्या तिला रोज त्याच त्या गोष्टीला नव्यानं हसून दाखवत.

तरीही हा मुद्दा पुरता नाही. सेवा द्यायची ती कुणाला, कधीपासून, कशासाठी, हे कुणी ठरवायचं? 2014 साली आईची पहिली तपासणी झाली तेव्हाची गोष्ट सांगते. समोर एक तरुण मुलगा बसला होता, नम्र, घाईत. त्यानं तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आई त्र्याण्णव म्हणाली आणि थांबली. तो कागदावर शून्य लिहीत असताना ती आपल्याच तंद्रीत औटकी म्हणायला लागली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. न अडखळता शेवटपर्यंत गेली आणि मग दीडकीवर आली. ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवी, झालेली, पावकी-निमकी रोज संध्याकाळी दिव्यासमोर म्हटलेली पिढी. त्या मुलानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. त्याच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. शिक्षणाच्या रकान्यात त्यानं सात वर्षं लिहिली.

मी त्याला दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, की समोरच्या बाईचा मेंदू कुठल्या शाळेत घडला हे विचारायचं असतं. पाठ केलेली औटकी टिकते आणि सातची वजाबाकी जाते, यातून तिच्या आजाराबद्दल काय कळतं? सात वर्षं पाठांतराची आणि सात वर्षं आजच्या शाळेतली, एकाच रकान्यात मावतात का? हे प्रश्न बॉस्टनमध्ये बसून कुणाला पडणार नाहीत. असे प्रश्न आपल्याकडे पडलेले आहेत, आणि त्यांची उत्तरं जगानं वाचली आहेत. हरयाणातल्या बल्लभगडला मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या वृद्धांसाठी हिंदीतून चाचणी घडवली, कारण इंग्रजीची नुसती भाषांतरित चाचणी निरक्षराला आजारी ठरवत होती. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 648 रुग्ण पाहून 2013मध्ये दाखवलं, की दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा गाठतो, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसतो. बाजारात तेलुगू, शेजारी उर्दू, घरी आणखी काही, अशा गावात दवाखान्यात बसलेल्या माणसालाच हा प्रश्न सुचू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं बौद्धिक चाचण्यांचा संच तयार केला तेव्हा पहिल्यांदा पाच भारतीय भाषा घेतल्या. त्यांत मराठी नव्हती. का नव्हती? मराठीत रुग्ण कमी आहेत म्हणून? की हे काम हाती धरणारी, त्यात तयार झालेली माणसं आपल्याकडे पुरेशी नव्हती म्हणून? सेवा आणि संशोधन यांत निवड करा म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचंय. चाचणीच धड नसेल तर डे केअरच्या दारात कुणाला उभं करणार?

दुसरा आक्षेप माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांचा आहे आणि तो ते मोठ्या आत्मविश्वासानं घेतात. खऱ्या हुशार मुलाला बोट धरून चालवावं लागत नाही. आम्हाला कुणी शिकवलं होतं? यातली अर्धी गोष्ट खरी आहे, आणि तिचा गंभीर अर्धा भाग ते स्वतः बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते. गुरू माणूस घडवतो तसा बिघडवतोही. आपल्याकडे गाइडला सर म्हणायचं, सरांचा सिद्धांत डोक्यावर घ्यायचा, सरांच्या नावानं पेपर लिहायचा आणि प्रबंधावर सरांची सही होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की मार्गदर्शन वाढवा म्हटलं की अनेकांना हीच गुलामी वाढवा असं ऐकू येतं. अल्झायमरच्या क्षेत्रात तर याची किंमत जगानं मोजली. 1992मध्ये अमायलॉइडचा सिद्धांत मांडला गेला आणि पुढची तीस वर्षं पैसा, पदं, पेपर त्याच वाटेनं गेले. सिद्धांतात तथ्य होतं आणि आहे. पण दुसरी वाट धरणाऱ्या तरुणांना अनुदान मिळणं अवघड झालं, हे त्या क्षेत्रातलीच माणसं उघड सांगतात. 2006 साली नेचरमध्ये आलेला, अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपावरचा गाजलेला पेपर हजारो वेळा उद्धृत झाला. त्यातल्या चित्रांत फेरफाराच्या खुणा आहेत हे मॅथ्यू श्रॅग या तेव्हा फारसं नाव नसलेल्या प्राध्यापकानं दाखवलं, 2022मध्ये ते जाहीर झालं, आणि 2024मध्ये पेपर मागे घेतला गेला. मधल्या सोळा वर्षांत किती प्रयोगशाळांत किती मुलांनी तो प्रयोग करून पाहिला असेल, जमला नसेल, आणि चूक आपल्याच हाताची समजून गप्प बसली असतील?

मी एक अशी मुलगी जवळून पाहिली आहे. माझी जुनी विद्यार्थिनी. नाव लिहीत नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अल्झायमरवर पीएच.डी. करत होती. औंधला कॉट बेसिसवर राहायची. वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे प्रथिन आहे की नाही हे दाखवणाऱ्या चाचणीच्या, पट्ट्या मोबाइलवर दाखवायला माझ्याकडे यायची, कारण तिथे पाहायला कुणाला सवड नव्हती. तीनदा केलेल्या प्रयोगात अपेक्षित जागी पट्टी नव्हती. "मॅडम, सर म्हणाले एक्स्पोजर बदलून बघ, येईल." मी विचारलं, आणि नाहीच आली तर? ती म्हणाली, तर पेपर नाही. त्या वाक्यात या क्षेत्राचं सगळं दुखणं आहे. तिला चौथ्यांदा प्रयोग करायला सांगणारा माणूस होता. पट्टी नाही हाच रिझल्ट असेल, तो कसा तपासायचा, कसा लिहायचा, आणि तो लिहिल्यावर तुझं काही वाईट होणार नाही, हे सांगणारा दुसरा माणूस नव्हता.

म्हणून माझं उत्तर गुरू कमी करा असं नाही. एकच गुरू नको, असं आहे. 1920च्या दशकाच्या शेवटी इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या दोन बाजूंतली असमानता मोजायचं काम त्यांनी दिलं, गोऱ्या वंशाच्या कवट्या वेगळ्या निघतील या समजुतीनं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, सर्वस्वी त्याच माणसाच्या हाती पदवी असताना. मोजमाप त्यांना तिथेच शिकायला मिळालं, आणि ते इतकं नीट शिकल्या की शिकवणाऱ्याच्याच विरुद्ध वापरता आलं. आमचे सहकारी यावर म्हणतील, बघा, हुशार माणसाला अडत नाही. पण एखाद्या इरावती कर्व्यांना जमलं म्हणून प्रत्येक मुलीनं ते एकटीनं सोसावं, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो? तिला दोन मार्गदर्शक द्या: एक प्रयोगशाळेतला, एक रुग्ण पाहणारा. दोघांपैकी एकट्याला तिचा प्रबंध अडवता येऊ नये. पहिल्या वर्षात तिनं स्मृतिचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागात आणि रुग्णांच्या घरी ठरलेले दिवस काढलेच पाहिजेत.

हे शेवटचं मी सहज म्हणत नाही. तीच विद्यार्थिनी चार वर्षं या आजारावर काम केल्यावर पहिल्यांदा आजारी माणसाला भेटली ती माझ्या आईला. उंदरांत तिनं शंभरदा पाहिलं होतं. ते उंदीरही असे, की त्यांना हा आजार आपोआप होत नाही, माणसाचं सदोष जनुक घालून त्यांच्यात तो आणावा लागतो. आईनं तिला तासाभरात पाच वेळा विचारलं, "जेवलीस का गं?" पहिल्या दोनदा ती "हो आजी" म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "नाही आजी, वाढता का?" आणि आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. जाताना जिन्यात ती म्हणाली, की नाव विसरतात, वेळ विसरतात, पण पाहुण्याला जेवायला विचारायचं विसरत नाहीत, हे कुठल्या भागात साठलेलं असतं? चार वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेला हा पहिला स्वतःचा प्रश्न. तिनं तो लॅबमध्ये मांडला, तेव्हा तो आपल्या प्रकल्पात बसत नाही असं उत्तर मिळालं. बसत नव्हताच. पण तो कुठे बसतो, कुणाकडे न्यायचा, हे सांगायला कुणीच नसावं?

तिसरा मुद्दा, शिकवा आणि अमेरिकेला पाठवा. याची चीड मला समजते, पण दोन गोष्टी पाहाव्यात. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये फ्रान्सिस्को लोपेरा यांना 1980च्या दशकात, निवासी डॉक्टर असताना, चाळिशीतच विसरायला लागणारी कुटुंबं सापडली. शहरात अमली पदार्थांच्या टोळ्यांचा हिंसाचार चालला असताना ते डोंगरातल्या गावांत जाऊन वंशावळी लिहीत होते, रक्ताचे नमुने आणत होते. सुमारे सहा हजार नातेवाइकांचं ते गोत जगातला या आजाराचा सर्वांत मोठा ज्ञात परिवार ठरलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली याकील किरोझ बॉस्टनला गेली. म्हणजे गळती झाली? तिनं तिथून त्याच कुटुंबांवर काम चालू ठेवलं, आणि 2019मध्ये त्या गोतातल्या एका बाईबद्दलचा शोध जगापुढे आला, जिला सदोष जनुक असूनही जवळजवळ तीस वर्षं उशिरा लक्षणं दिसली, कारण तिच्यात दुसरा एक दुर्मीळ बदल होता. त्या शोधात मेदेयीन आणि बॉस्टन दोन्ही होते. लोपेरा 2024मध्ये गेले, काम थांबलेलं नाही. गेलेलं माणूस दोर तोडून जातं की धरून जातं, हे इथे असताना त्याला कुणी काय दिलं यावर ठरतं.

आणि माझी विद्यार्थिनी कुठे गेली? अमेरिकेला नाही. हिंजवडीला गेली. फेलोशिप सुरुवातीला महिना 31,000, नंतर 2023पासून ज्येष्ठ संशोधकाला 42,000 झाली, पण ती वेळेवर येत नव्हती. एकदा पाच महिने आली नाही, तेव्हा वडिलांनी सोयाबीन विकून भाडं पाठवलं. प्रबंध दिल्यावर पुढची जागा अकरा महिन्यांच्या कराराची होती. आता ती एका कंपनीत औषधचाचण्यांचा डेटा तपासते, चांगल्या पगारावर. तिची चूक काढण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण मेंदूंच्या निर्यातीवर भाषणं करणाऱ्यांनी एकदा हिंजवडीच्या बसमध्ये बसून पाहावं. आपली गळती तिथे जास्त आहे.

इथेच सर्वांत भक्कम आक्षेप उभा राहतो, आणि मी तो पूर्ण मान्य करते. जागाच नाहीत, तर घडवून काय करणार? डॉक्टरेट घेतलेल्या मुलांना चाळिशीपर्यंत करारावर झुलवत ठेवणं हा अन्याय आहे, आणि चांगलं मार्गदर्शन त्या अन्यायावर घातलेली गोड चादर ठरू शकतं. म्हणून मी संख्या वाढवा असं म्हणतच नाही. संख्या कमी करा. दहा मुलं घेऊन वाऱ्यावर सोडण्यापेक्षा चार घ्या आणि त्यांच्यापुढे वाट आहे हे आधी सांगता येईल असं करा. वाट म्हणजे प्राध्यापकीच असं कुणी ठरवलं? वीस वर्षं चालणाऱ्या पाहणीला घरोघर ओळख ठेवणारा समन्वयक लागतो, मराठीत चाचणी घडवणारा मानसशास्त्रज्ञ लागतो, संख्याशास्त्रज्ञ लागतो, मेंदूच्या ऊती जपणारा तंत्रज्ञ लागतो. या कायम पदांचा पगार एका परदेशी यंत्राच्या देखभालीच्या कराराशी तोलून बघावा. पुण्यात 1993मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केईएम रुग्णालयातून जवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. त्या वेळी पोटात असलेली मुलं आज तिशीत आहेत, आणि ती अजून तपासणीला येतात. वजनानं हलकं पण अंगानं चरबीचं भारतीय बाळ, आईच्या बी-12च्या कमतरतेचे मुलावर होणारे परिणाम, हे त्यातून जगाला कळलं. त्या गावांतली माणसं तीस वर्षं येत राहतात ती कुठल्या यंत्राकडे बघून? ओळखीच्या माणसांकडे बघून येतात.

आणि जागा नसतानाही दार कसं उघडता येतं, त्याचा नमुना विद्यापीठाच्या आवारातच आहे. 1988मध्ये जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली तेव्हा देशभरातल्या विद्यापीठांतल्या, छोट्या कॉलेजांतल्या शिक्षकांना सहयोगी म्हणून जोडून घेतलं. त्यांनी आपली नोकरी सोडायची नाही. सुट्टीत येऊन राहायचं, ग्रंथालय वापरायचं, संगणक वापरायचा, इथल्या शास्त्रज्ञांबरोबर प्रश्न सोडवायचा आणि परत आपल्या गावी जाऊन शिकवायचं. दुर्बीण कधी न पाहिलेल्या गावातला शिक्षक खगोलशास्त्राचा पेपर लिहू लागला. अल्झायमरसाठी हेच का होऊ नये? पाषाणला रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान संस्था आहे, गणेशखिंडीत पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, ससूनला रोज दारात रुग्ण. एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. सोलापूरचा मानसोपचार शिकणारा मुलगा, नांदेडची जैवतंत्रज्ञानाची शिक्षिका, यांना वर्षातले दोन महिने या सगळ्यांत फिरवणारी, प्रत्येकाला नाव घेऊन एक माणूस नेमून देणारी व्यवस्था उभी करायला नवी इमारत लागत नाही. त्या नेमलेल्या माणसाचा वेळ त्याच्या कामात मोजला जाणं लागतं. आज त्याचे पेपर मोजतात, अनुदान मोजतात. विद्यार्थ्याबरोबर बसून तपासलेली स्लाइड कुठेच मोजली जात नाही, म्हणून तो बसत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती बोलणं मला सोपं नाही. या आजाराचं अंतिम निदान आजही मेंदूची ऊती पाहूनच पक्कं होतं. अल्झायमरला ऑगुस्ट डेटरचा मेंदू मिळाला नसता तर काहीच कळलं नसतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूंची पेढी आहे. तिला दात्यांची नेहमीच गरज असते. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागतो, आणि म्हणून ती गोष्ट आधी, माणूस जिवंत असताना, घरच्यांशी बोलावी लागते. कशी बोलायची? स्वयंपाकघरात की बाहेरच्या खोलीत, मुलाशी की सुनेशी, कितव्या भेटीत, आणि नाही म्हणाले तर पुढच्या भेटीत चहा घेऊन गप्प कसं निघायचं? हे फक्त वर्षानुवर्षं ते केलेल्या माणसाच्या शेजारी बसून शिकता येतं.

आई 2023च्या जानेवारीत पहाटे गेली. नऊ वर्षांत तिला पाहायला आलेल्यांची गणती नाही: डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, प्रश्नावल्या घेऊन आलेल्या मुली, एकदा तर चार जणांचा गट. सगळ्यांनी तिला तारीख विचारली, वार विचारला. दुपारी बारापर्यंत आम्ही वैकुंठ स्मशानभूमीतून घरी परतलो होतो. तिच्या मेंदूबद्दल त्या नऊ वर्षांत आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि मला स्वतःला सुचलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. विचारलं असतं तर माझा भाऊ आधी चिडला असता. मग हो म्हणाला असता. मी त्याला ओळखते.